मदत हवी आहे : असईच्या लढाईच्या मिनिएचरसाठी काळ्या मातीचे बेस कसे करावेत?

नमस्कार मंडळी,

असईची लढाई (२३ सप्टेंबर १८०३, शिंदे विरुद्ध ईस्ट इंडिया कंपनी) टेबलावर मांडायला घेतली आहे. फिगर २८ मिमीच्या, धातूच्या. शिंद्यांच्या कवायती (युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या) पलटणी आधी रंगवल्या, कंपनीची बाजू आता चालू आहे. रंगकाम मार्गी लागलंय, घोडं अडलंय ते बेसवर, म्हणजे फिगरच्या पायाखालच्या तुकड्यावर.

नेटवर बेसिंगचे जितके व्हिडिओ सापडतात ते बहुतेक युरोपातल्या हिरव्या कुरणाचे. हिंदुस्थानातल्या लढाया म्हटलं की लोक सरळ पिवळी वाळू पसरतात आणि वर चार वाळक्या गवताचे झुपके चिकटवतात. राजस्थानात ते शोभेल. असई भोकरदन तालुक्यात आहे, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. माझं आजोळ त्याच भागातलं, त्यामुळे ती जमीन मला चांगली माहीत आहे. काळीभोर, पाऊस पडला की चपलेला किलोकिलोने चिकटणारी, उघडीप मिळाली की भेगाळणारी. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी कापले गेले ते त्या मातीत. माझ्या टेबलावर त्यांच्या पायाखाली दुसरी कुठली माती मला चालणार नाही.

तर प्रश्न असे :

१. काळी माती करायला गेलं की बेस डांबरी रस्त्यासारखा दिसतो. वर काळे बूट, काळे पट्टे, सावळी कातडी. सगळं त्यात बुडून जातं. रंग कसा बसवावा?

२. आजोळहून आणलेली खरी माती डबाभर आहे. ती फेव्हिकॉलमध्ये कालवून वापरली तर चालेल का?

३. दोन्ही बाजूंना लाल कोट आहेत. कंपनीचे मद्रासचे शिपाईही लाल, शिंद्यांच्या तैलंगी (म्हणजे कवायती) पलटणीही लाल. टेबलाच्या त्या टोकाला उभं राहिलं की कोण कुठला ते कळत नाही.

४. मी डोंबिवलीला राहते. जुलैत मॅट वार्निशचा स्प्रे मारला आणि अख्ख्या एका तुकडीवर पांढरी झाक आली. ती जाईल का? की रंग उतरवून पुन्हा सुरुवात?

रंग माझ्याकडे व्हॅलेहोचे थोडे आहेत, बेससाठी मात्र फेव्हिक्रिल आणि कॅमलच वापरते. महागडा रंग मातीवर घालवायची इच्छा नाही.

---

प्रतिसाद

ताई, विषय फार आवडला. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण पुढचं नुकसान टळेल : खरी काळी माती फेव्हिकॉलमध्ये कालवू नका. ती माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. शेतात भेगा पडतात त्या त्यामुळेच. बेसवर तेच होतं. वाळताना थर कडेने सुटतो, पातळ एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) असेल तर बेसच वाटीसारखा वाकतो, आणि पडलेल्या भेगा २८ मिमीच्या माणसाला खंदकाएवढ्या दिसतात.

त्याऐवजी पोत वाळूचा घ्या आणि रंग मातीचा. बांधकामाची वाळू आधी पिठाच्या चाळणीने, मग चहाच्या गाळणीने चाळायची. गाळणीतून पडलेली बारीक वाळू हा मुख्य थर. गाळणीत उरलेले खडे वेगळे ठेवा, ते अधूनमधून चिमूटभर. फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून बेसवर पसरा, वाळू दाबा, रात्रभर वाळू द्या. मग पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा आणखी एक हात वरून, म्हणजे ड्रायब्रश करताना (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवताना) वाळू सुटणार नाही.

तुमची आजोळची माती वाया जाणार नाही. उन्हात खडखडीत वाळवा, खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करा आणि अगदी शेवटी, सगळा रंग झाल्यावर, कोरड्या ब्रशने बेसवर आणि फिगरच्या पावलांवर भुरभुरवा. पिगमेंट पावडर म्हणून बाजारात जी मिळते ती हीच वस्तू. अशा वापरात ती फुगत नाही, कारण थर नसतोच, धूळ असते.

आता रंग. डांबर दिसतं कारण तुम्ही बहुधा काळ्यापासून सुरुवात करता आहात. काळी माती काळी नसते. ओली असते तेव्हा गर्द तपकिरी-काळी, वाळली की राखाडीकडे झुकते. पहिला हात बर्न्ट अंबरमध्ये काळा, साधारण दोनास एक. त्यावर रॉ अंबरमध्ये थोडा पांढरा घालून ड्रायब्रश, ब्रश जवळजवळ कोरडा. मग तोच रंग अजून फिकट करून फक्त ढेकळांच्या डोक्यावर. पिवळा ऑकर शक्यतो टाळा, तो आला की जमीन लगेच मराठवाड्यातून राजस्थानात जाते. शेवटी चुनखडीचे पांढरट कण, बेसला दोन-तीन, जास्त नाही. काळ्या रानात ते असतातच, आणि डोळ्याला पटकन खूण पटते.

फिगर बुडण्याचं म्हणाल तर लाल कोट आणि पांढरे पट्टे गर्द मातीवर उलट उठून दिसतात. बुडतात ते बूट आणि पाय. त्यांच्याभोवतीची माती एक छटा फिकी ठेवा, काम झालं.

---

प्रतिसाद

वरच्या सगळ्याशी सहमत. पिकांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

सप्टेंबरचा शेवट म्हणजे खरिपाचं पीक रानात उभं. पण १८०३ साल साधं नव्हतं. आदल्या वर्षी होळकर आणि पेंढाऱ्यांच्या धाडींनी मुलूख उजाड केला होता, आणि १८०३-०४चा दुष्काळ दख्खनच्या मोठ्या दुष्काळांत गणला जातो. त्यामुळे डोलणारी हिरवीगार ज्वारी टेबलभर लावू नका. काही तुकडे खुरटलेले, काही पडीक, मध्ये बाभळी-बोरीचं झुडूप, असं ठेवलं तर जास्त खरं.

ज्वारीसाठी फुलझाडूचे तुरे कापून वापरा. उंचीचा अंदाज घ्या : २८ मिमीच्या माणसाशेजारी पुरती वाढलेली ज्वारी चाळीस मिमीच्या आसपास येईल, खुरटलेली त्याच्या छातीपर्यंत. गवताला नारळाचा काथ्या उत्तम. बारीक कातरून झुपका करा, बुडाला फेव्हिकॉल, आणि खालचा अर्धा भाग मळकट हिरवा रंगवा. टोकं काथ्याच्या मूळ रंगाची राहू द्या.

डोंबिवलीत राहता म्हणून एक धोक्याची सूचना. काथ्या, झाडूचे तुरे, चहाचा चोथा या सगळ्याला पावसाळ्यात बुरशी धरते. वापरण्याआधी कडक ऊन दाखवा, चिकटवल्यावर पातळ वार्निशचा हात द्या, आणि ठेवायच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

---

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चुनखडीचे कण! आजोळच्या शेतात पायाला टोचायचे ते, आणि बेसवर ते लावायचं मला सुचलंच नव्हतं.

दुष्काळाचा मुद्दाही पटला. मग असई गावाच्या तटाबाहेरची रानं जवळजवळ मोकळी ठेवते आणि जुईच्या काठाने थोडं हिरवं. इंग्रजांची चौऱ्याहत्तरावी हायलँडर (स्कॉटिश) पलटण गावाच्या फार जवळ गेली आणि तिथे तोफांखाली भाजून निघाली, तो भाग मला नीट दाखवायचा आहे. तिथे आडोसा जितका कमी तितकं बरं.

वार्निश आणि लाल कोटांचं कुणी सांगेल का?

---

प्रतिसाद

वार्निशचं मी सांगते, ठाण्यात राहून हे सगळं भोगलेलं आहे.

रंग उतरवू नका. पांढरी झाक म्हणजे बहुतेक वेळा रंग बिघडलेला नसतो, वार्निशचा थर धुकटलेला असतो. स्प्रेमधलं द्रावण झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेत दमटपणा असेल तर त्यावर पाणी धरतं. मग वार्निश सपाट न बसता बारीक खरबरीत बसतं आणि प्रकाश विखुरल्यामुळे पांढरं दिसतं.

उपाय : ब्रशने लावायचं ग्लॉस ॲक्रिलिक वार्निश घ्या आणि एकाच फिगरवर, पाठीच्या बाजूला, पातळ हात द्या. ग्लॉस त्या खरबरीत थरात शिरतं आणि खालचा रंग पुन्हा दिसायला लागतो. बऱ्याचदा एका हातात काम होतं, कधी दोन लागतात. फिगर काचेसारखी चकचकेल, घाबरू नका. पूर्ण वाळल्यावर ब्रशनेच मॅट लावा. व्हॅलेहोचं मॅट चालेल, बाटली मात्र भरपूर हलवा. चमक मारणारी पूड तळाला बसते, न हलवता लावलं तर एक फिगर चमकते आणि शेजारची फटफटीत पडते.

आणि जून ते सप्टेंबर स्प्रे बंद. प्रायमरसुद्धा ब्रशनेच. धातूच्या फिगर आधी भांड्याच्या साबणाने धुवा, वाळवा, मग दोन पातळ हात. वेळ लागतो पण वाया काही जात नाही. स्प्रेच मारायचा असेल तर दिवाळीनंतर, सकाळी उन्हं वर आल्यावर.

---

प्रतिसाद

लाल कोटांवर माझं मत थोडं वेगळं आहे. दोन वेगळे लाल निवडून फरक दाखवायच्या फंदात पडू नका. तीन फुटांवरून लालच्या छटा कळत नाहीत, तुमचे कष्ट फुकट जातील. फरक कमरेखाली दाखवा.

मद्रासच्या शिपायांची आखूड पांढरी चड्डी आणि उघडे पाय, ही पहिली खूण. दुसरी त्याहून चांगली आहे आणि ती खुद्द लढाईने दिली आहे. कंपनीचा सेनापती वेलस्ली याची फौज सकाळपासून मजल मारत आली आणि पिंपळगावच्या उताराने केळना ओलांडून लगेच रांगेत उभी राहिली. म्हणजे ती माणसं ओली होती, चिखलाने भरलेली होती. शिंद्यांचा सेनानी पोलमन याच्या पलटणी नदी न ओलांडता, आहे त्याच रानात तोंड फिरवून उभ्या राहिल्या. त्यांचे पाय धुळीचे, कंपनीवाल्यांचे चिखलाचे. एवढा एक नियम दोन्ही सैन्यांना लावला की टेबलाच्या कुठल्याही टोकावरून ओळख पटते.

चिखलासाठी बेसचाच पहिला रंग घ्या, पाण्याने पातळ करा आणि मांडीपासून खाली लावा. वरची कड सरळ रेषेत येऊ देऊ नका, ओलं बोट फिरवून तोडा. वाळल्यावर स्पंजच्या तुकड्याने गुडघ्याखाली दाट चिखलाचे ठिपके. कपड्याचा जो भाग नुसता ओला आहे तो मूळ रंगापेक्षा एक छटा गडद ठेवा. सगळं मॅट वार्निश झाल्यानंतर फक्त पावलांवर आणि पिंढरीवर ग्लॉसचा ठिपका द्या. मॅटच्या आधी दिलात तर तो मरून जाईल.

लाल उजळताना पांढरा मिसळू नका, गुलाबी होतो. नारिंगी मिसळा. अठ्ठ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीच्या कॉलर-कफचा रंग बफ (फिकट पिवळसर तपकिरी), चौऱ्याहत्तराव्याचा पांढरा; जवळून बघणाऱ्याला तेवढं पुरतं.

बेस एकेकटे आहेत की चार-चारचे?

---

धागाकर्ती

ओले पाय आणि कोरडे पाय! हे वाचून सगळं थांबवून एक शिपाई घेतला आणि चिखल चढवला. उघड्या पिंढरीवर तो पातळ तपकिरी रंग ओघळला आणि घोट्यापाशी साचला, तसाच राहू दिला. हा माणूस खरंच नदीतून आलाय असं वाटतं.

बेस चार-चारचे, ४० मिमी चौरस, माणशी २० मिमी. घोडेस्वारांना माणशी २५ मिमी रुंदी. एमडीएफ २ मिमीचं आहे, ते वाकेल अशी भीती वाटते.

आणि ग्लॉसने झाक गेली. पाठीवरून सुरुवात केली, लाल परत आला. ताई, तुमचे उपकार.

अजून एक अडचण : केळनेच्या उताराचा वेगळा तुकडा करायचा आहे. पाणी कसं करू? रेझिन दमट हवेत वापरायची छाती होत नाही.

---

प्रतिसाद

चारचा बेस असेल तर सगळ्यांना एका रेषेत ठोकू नका. मागच्या दोघांपैकी एकाला अर्धा सेंटिमीटर मागे ठेवा, मध्ये ढेकूळ आणि काथ्याचा झुपका येईल. मातीला दिसायला जागा हवी ना.

२ मिमी एमडीएफ वाकू नये म्हणून वाळू लावण्याआधी वरून-खालून दोन्ही अंगांना वार्निश किंवा जुना ऑइल पेंट द्या. एकाच अंगाने पाणी प्यायलं की ते वाकतं. तरीही वाकलं तर खालच्या अंगाला पातळ फेव्हिकॉल लावून सपाट फळीवर वजनाखाली वाळवा, सरळ येतं. कडांना काळा देऊ नका, मातीच्या मधल्या छटेचा तपकिरी द्या. काळी कड आणि काळी माती मिळून बेस जड दिसतो.

पाण्याला रेझिन नकोच. सप्टेंबरातली केळना निळी नसते, तळही दिसत नाही, गढूळ असते. म्हणजे पारदर्शक काही करायची गरजच नाही. नदीचं पात्र प्लायवर मातकट तपकिरीत रंगवा, मधोमध गडद, काठाकडे फिकं होत जाणारं, आणि हे दोन रंग ओले असतानाच एकमेकांत ओढून घ्या. वाळल्यावर ग्लॉस वार्निशचे चार-पाच हात, दर वेळी पूर्ण वाळू देऊन. उताराच्या जागी पाणी उथळ, तिथे गोटे वर आलेले दाखवा : काळे बेसॉल्टचे, अंगाला घासून गोल झालेले. ते नदीतूनच आणा, आजोळ जवळच आहे तुमचं. गोट्यांच्या वरच्या बाजूने पाणी किंचित फुगतं, तिथे शेवटच्या थरात ब्रशने ग्लॉसचा छोटा उंचवटा ठेवा. तोफगाड्यांच्या चाकांचे चर काठाच्या मातीत आधीच ओढून ठेवा, वाळू ओली असताना. वाळल्यावर ते कोरता येत नाहीत.