टी सेल रिसेप्टरच्या जीन्सबद्दल मदत हवी आहे

एमएस्सीची परीक्षा जवळ आलीय आणि हा टॉपिक डोक्यात शिरतच नाहीये. रिसेप्टरच्या (टी पेशीवरचं, जंतूंचे तुकडे ओळखणारं प्रोटीन) चार साखळ्यांपैकी अल्फाचा जीन १४ नंबर क्रोमोसोमवर, डेल्टा त्याच्याच पोटात, म्हणून अल्फाचे तुकडे जुळताना डेल्टा कापून जातो, इथपर्यंत ठीक. बीटा आणि गॅमा दोन्ही ७ वर पण वेगवेगळ्या आर्मवर (क्रोमोसोमच्या भुजेवर), तेही पाठ केलं. अडलंय बीटाच्या टीआरबीव्ही३० या व्ही सेगमेंटपाशी (व्ही, डी, जे हे डीएनए कापून जोडले जाणारे जीनचे तुकडे, सी हा कायम तसाच राहणारा भाग), बाकी सगळे व्ही सेगमेंट अलीकडे आणि हा एकटाच सी२ च्या पलीकडे, तोही उलट्या तोंडाने! मग तो डी-जेला जोडताना मधला डीएनए कापला जात नाही, नुसता उलटा फिरतो ना? आणि तसं असेल तर सी१, सी२ दोन्ही शाबूत राहतात का? कोणीतरी प्लीज आकृती काढून फोटो टाका ना, नुसतं वाचून कळत नाहीये.