चालणं तिसऱ्या आठवड्यात सुटतं, टिकवायचं कसं?

लातूरकर_४६
दिवसभर बैठं काम, कमरेचा घेर ९८ सेंटीमीटर. पहाटे पाच किलोमीटर चालायला सुरुवात होते आणि तिसऱ्या आठवड्यात सुटते. पुढं लग्नसराई, मग ऊन. घरात ज्वारीची भाकरीच असते, तरी घेर हलत नाही. उत्साह नसेल त्या दिवशीही मोडणार नाही अशी घडी कशी बसवायची? जिमला जाणं जमणार नाही.

पहाटफेरी
दादा, एकदम पाच किलोमीटर हीच चूक. सवय नसलेल्या पोटऱ्या भरून येतात, नडगी दुखते, आणि पहिलं लग्न आलं की चालणं सुटतं.

रात्रीचं ताट उचललं की पायात बूट. पहिले दोन आठवडे फक्त १० मिनिटं, त्यानंतर दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. सहाव्या आठवड्यात ३० मिनिटांवर याल. आठवड्यातले पाच दिवस धरले तर १५० मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटना किमान तेवढंच सांगते. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग हवा. जेवणानंतर चाललं की रक्तातली साखरही कमी चढते.

२१ दिवसांत सवय लागते हे डोक्यातून काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ लागले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज. मध्ये एखादा दिवस चुकल्यानं सवय मोडली नाही. म्हणून चुकलेल्या दिवसाची भरपाई दुप्पट चालून करू नका, गुडघा तिथंच दुखावतो.

घरची_तालीम
उन्हाळ्याचं वेळापत्रक आताच ठरवून ठेवा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४०च्या वर जातो, रात्री आठलाही रस्ता तापलेला असतो. तेव्हा चालणं पहाटे साडेपाचला, निघण्याआधी तांब्याभर पाणी.

आठवड्यातले दोन दिवस ताकदीचे, मध्ये एक दिवस तरी सोडून. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर. तीन मोजत बसा, एक मोजत उठा. असं ८ वेळा, मिनिटभर थांबून परत ८. मग भिंतीला हात लावून दंड, तेवढेच. १५ सहज जमले की ५ किलो ज्वारीची पिशवी छातीशी धरून उठबस करा. बसताना गुडघे आत वळू देऊ नका. मांड्या दोन दिवस दुखल्या तर घाबरायचं कारण नाही. सांध्यात कळ आली तर खुर्ची उंच करा. छातीवर दाब आला किंवा चक्कर आली की थांबा आणि दवाखाना गाठा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, चालल्यावर साखर फार खाली जाऊ शकते.

भाकरीवाली_ताई
भाऊ, भाकरीला दोष देऊ नका. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि तेवढाच चोथा असतो. पण ८० ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे २७० कॅलरी. तीन खाल्ल्या की ८०० झाल्याच. भाकरीचा आकार थापणाऱ्या हातावर असतो, म्हणून एकदा पीठ तोलून बघा. दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण, पालेभाजी, वर दही, असं ताट पुरतं.

घेर अडतो तो तेलात आणि चहात. करडईचं तेल चांगलंच, पण ग्रॅमला ९ कॅलरी त्यातही असतात. माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरलं तर चौघांना महिन्याला ३ किलो. तेवढंच तेल महिन्याच्या पहिल्या तारखेला वेगळ्या डब्यात काढा. पंधरा तारखेला डबा अर्ध्याखाली गेला तर कुठं सांडतंय ते कळतं. चहा पाच कप, कपात दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर झाली. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा. जीभ हळूहळू सरावते. एकादशीला साबुदाण्याऐवजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी.

लातूरकर_४६
वजन रोज बघावं का? काटा वर गेला की मन खचतं.

भाकरीवाली_ताई
नको. मिठानं, पाण्यानं वजन एका दिवसात किलोभर वरखाली होतं. महिन्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी घेर मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून. पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या आत यायचं असतं. रोज पाहायचं ते कॅलेंडर, चाललेल्या दिवसावर फुली मारलेलं. पंगतीच्या दिवशी जेवा, पण रात्रीची १० मिनिटं सोडू नका.