मदत हवी आहे: पावसाच्या आत घराचे छप्पर बदलायचे आहे, पैशांची सोय कशी करावी?

पाखाडी
घराचे छप्पर पूर्ण बदलावे लागणार आहे. अंदाज साडेचार लाखांचा आलाय. हातात दीड लाख आहेत. उरलेल्या तीन लाखांसाठी बँकेत गेलो, तर त्यांनी सरळ सांगितले की या घरावर कर्ज होणार नाही. पर्सनल लोनचा दर ऐकून परत आलो. सुतार म्हणतो, मेच्या पहिल्या आठवड्यात हात घातला तरच पावसाच्या आत पुरे होईल. असे काम कर्ज काढून कुणी केले आहे का? कुठून काढले? जरा लवकर सांगा. 'कशाला बदलताय, कौले चाळून घ्या' असे सल्ले कृपया नकोत. आजवर दरवर्षी तेच केले.

जांभा
घर कुठे आहे? बँकेने नाही म्हणण्याचे कारण काय दिले? घर कुणाच्या नावावर आहे? एवढे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

सोलरमित्र
छप्पर बदलताच आहात तर सोलरचा विचार आत्ताच करा. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला एकूण ७८ हजार अनुदान मिळते. छताचा सांगाडा बांधतानाच पॅनेलचे वजन धरले तर पुढे तोडफोड होत नाही.

पाखाडी
@जांभा, गावचे घर, संगमेश्वर तालुका. कौलारू. वाशांना वाळवी लागलीय, माजघरावरचे आढे खचलेय. घर आमचेच आहे, नावाचा प्रश्न येतो कुठे?
@सोलरमित्र, आधी छप्पर टिकू दे. गावी फक्त आईबाबा असतात, वीजबिल किरकोळ येते.

जांभा
आमचेच म्हणजे? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरपट्टी आकारणीच्या उताऱ्यावर) कुणाचे नाव लागलेय? प्रश्न तिथेच येतो.

केवडा
आमच्या आळीतली निम्मी घरे सोने ठेवून शाकारली आहेत. बँकेत सोनेतारण करा, त्याच दिवशी पैसे हातात, घराचा एक कागद कुणी मागत नाही. आता १ एप्रिल २०२६ पासून रिझर्व्ह बँकेचे नियमही सैल झालेत. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत, अडीच ते पाच लाखांना ८० टक्क्यांपर्यंत मिळू शकतात, त्यावर ७५. पूर्वी सरसकट ७५ होते. पाऊस तोंडावर असताना यापेक्षा सोपा मार्ग नाही.

गणितवेडा
सोनेतारण घ्याच, पण फेड कशी ठरली आहे ते विचारून घ्या. मुद्दल आणि व्याज शेवटी एकदम भरायचे अशी योजना असेल तर मुदत बारा महिन्यांच्या आत असते. वर्षभरात तीन लाख एकरकमी परत करणे नोकरदार माणसाला जमते का? जमले नाही की नूतनीकरण, पुन्हा मूल्यांकन, पुन्हा व्याज, असे सुरू होते. दरमहा हप्त्याचे सोनेतारण मिळते, ते मागा.

केवडा
जमते हो. आंब्याचे पैसे येतात, बोनस येतो. लोक करतातच की.

गणितवेडा
ज्यांचा आंबा आहे त्यांचे ठीक. धागाकर्त्याचा आहे का, ते त्यांनी सांगितलेले नाही.

पाखाडी
आंबा नाही. ठाण्यात नोकरी करतो. सोने पत्नीचे आहे, ते मला ठेवायचे नाही, हे आधीच सांगायला हवे होते का? असो. नमुना ८ वर अजून आजोबांचे नाव आहे. आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली. बाबा, काका आणि आत्या असे तिघे आहेत.

जांभा
बघा, सापडले. त्या घरावर तारण कर्ज कुठलीच बँक देणार नाही आणि त्यात बँकेची चूक नाही. वारसनोंद झालेली नाही, वारस तिघे. उद्या हप्ता थकला तर बँक वसुली कुणाकडून करणार? आधी ग्रामपंचायतीत वारसनोंदीचा अर्ज द्या. तुमच्या गावाचे स्वामित्व योजनेत ड्रोन सर्वेक्षण झाले आहे का तेही बघा. गावठाणातल्या घरांना त्यातून मालमत्ता पत्रक मिळते, बँका ते बघतात. मात्र ही कामे मेपर्यंत व्हायची नाहीत. या वर्षीच्या छपरासाठी घराचे तारण विसरा.

सह्यकडा
आत्याचा काय संबंध? लग्न होऊन गेल्या ना त्या? काकांची सही घेतली की काम झाले.

रानजाई
@सह्यकडा, असे बेधडक लिहू नका, लोक वाचून त्याप्रमाणे वागतात. आजोबांची स्वतःची मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच मुलगी मुलाइतकीच पहिल्या वर्गातली वारस आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः हक्क मिळाला, आणि त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. लग्नाचा यात काहीही संबंध नाही.

सह्यकडा
आमच्याकडे सगळ्या बहिणींनी हक्कसोड करून दिले. कागदाने नाती तुटतात.

रानजाई
दिले, म्हणजे हक्क होता म्हणूनच सोडता आला ना? आत्याला न विचारता सही गृहीत धरली तर नाती जास्त तुटतात.

टपटप
धागा छपराच्या पैशांचा आहे. वारसाहक्कावर नवा धागा काढा, तिथे मीही लिहीन.

पाखाडी
टपटप, आभार. आत्या काही म्हणणार नाही, पण विचारतो तिला. कृपया पैशांचे सांगा.

पिंपळपार
पीएफमधून काढा. घरदुरुस्तीसाठी आगाऊ रक्कम मिळते, फॉर्म ३१ ऑनलाइन भरता येतो, व्याज नाही, परतफेड नाही.

जांभा
त्यासाठी घर सदस्याच्या, त्याच्या पती-पत्नीच्या किंवा दोघांच्या मिळून नावावर लागते. इथे आजोबांचे आहे. खोटे कारण टाकून पैसे काढायला कुणालाही सुचवू नका.

वाटसरू_७
घरकुल योजनेत बसवा. एक लाख वीस हजार मिळतात.

जांभा
प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) बेघर आणि कच्च्या घरात राहणाऱ्यांसाठी आहे. ठाण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या घरचे छप्पर त्यात बसत नाही. ज्यांना खरी गरज आहे त्यांचा तो पैसा आहे.

ओटीवरचा
निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमच्या श्रीवर्धनच्या घराचे अर्धे छप्पर उडाले. तेव्हा पंचनामा झाला म्हणून सरकारी मदत मिळाली. ज्यांनी तलाठी येण्याआधीच घाईने पत्रे घातले, त्यांना नुकसान दाखवणे कठीण गेले. धागाकर्त्याला आज उपयोग नाही, वाळवीला भरपाई नसते. पण नवे छप्पर झाले की घरविमा घ्याच. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी ठेवावी लागते. वादळ, पूर, दरड, विजेचा आघात हे त्यात येते. हळूहळू कुजणे-झिजणे येत नाही.

निवृत्त शाखाधिकारी
बराच वेळ वाचतो आहे. पाखाडी, तुम्ही ठाण्यात राहता ते घर भाड्याचे की स्वतःचे? स्वतःचे असेल तर त्यावर गृहकर्ज चालू आहे का?

पाखाडी
स्वतःचा फ्लॅट आहे, गृहकर्जाचे सहावे वर्ष चालू आहे. एकही हप्ता चुकलेला नाही. पण त्याचा गावच्या छपराशी काय संबंध?

निवृत्त शाखाधिकारी
सगळा संबंध तिथेच आहे. गावच्या घरावर कर्ज मागायला गेलात म्हणून नकार मिळाला. ज्या बँकेचे गृहकर्ज आहे तिथे टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज, मागा. तारण ठाण्याच्या फ्लॅटचेच राहते, गावच्या घराचा उतारा लागत नाही. दर मूळ गृहकर्जाच्या जवळपास, थोडा वर. मुदतही लांब मिळते. पाच वर्षांहून अधिक काळ वेळेवर हप्ते भरलेल्या खातेदाराला तीन लाखांचे टॉप-अप नाकारायला बँकेकडे सहसा कारण नसते. पगारपत्रके, बँक स्टेटमेंट आणि सुताराचे सही केलेले अंदाजपत्रक एवढे घेऊन उद्याच जा. मंजुरीला दोन-तीन आठवडे धरा.

दोन गोष्टी सांभाळा. टॉप-अपची मुदत मूळ कर्जाइतकी ओढू नका. छपरासाठी पंधरा वर्षे व्याज भरणे बरोबर नाही, चार-पाच वर्षांत फेडा. व्यक्तीने घरगुती कामासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आता लावता येत नाही, त्यामुळे बोनस आला की भरत चला. दुसरे म्हणजे, कर्जासोबत विमा गळ्यात मारायला बघतील. तो सक्तीचा नसतो. नको असेल तर तसे लेखी द्या.

केवडा
दोन-तीन आठवडे! तोवर मे उजाडतो. सोने ठेवले असते तर आज पत्रे आले असते.

निवृत्त शाखाधिकारी
ताई, सोने ठेवायचे नाही असे ते म्हणालेत. आणि सुताराला पहिला हप्ता द्यायला दीड लाख हाताशी आहेतच. लाकूड उतरवणे, लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) तयार करणे यात पहिले दिवस जातात. पत्र्यांचे आणि कौलांचे पैसे नंतर लागतात.

सह्यकडा
हे पटले. माझा मात्र पगारदार पतसंस्थेवर जास्त विश्वास आहे. दोन जामीनदार सहकारी, पगारातून कपात, आठवड्यात पैसे. ऑफिसात आहे का बघा.

गणितवेडा
पतसंस्था असो की फायनान्स कंपनी, दर फ्लॅट (पूर्ण मुदत मूळ रकमेवर व्याज) की घटत्या शिलकीवर (उरलेल्या मुद्दलावरच व्याज), हे विचारल्याशिवाय सही करू नका. तीन लाख, तीन वर्षे, दहा टक्के फ्लॅट: व्याज ९० हजार, हप्ता १०,८३३ रुपये. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या हिशेबात जवळपास १८ टक्क्यांचा आहे. 'दहा टक्के' ऐकून लोक चौदा टक्क्यांचे पर्सनल लोन सोडतात आणि त्याहून महाग कर्ज घेतात. हे फार जवळच्या माणसांच्या बाबतीत बघितले आहे, म्हणून कळकळीने सांगतो.

पिंपळपार
कर सवलत मिळेल ना? गृहकर्जाच्या व्याजावर दोन लाख असतात.

निवृत्त शाखाधिकारी
दोन लाख खरेदी आणि बांधकामासाठी. दुरुस्तीच्या कर्जावर स्वतः राहत असलेल्या घराला वर्षाला तीस हजारांपर्यंतच, तेही जुन्या करप्रणालीत. इथे तर घर यांच्या नावावरच नाही. सवलत हिशेबात धरू नका.

रानजाई
एक राहिले. घर तिघांचे आहे आणि तीन लाखांचे कर्ज एकट्या पाखाडींच्या नावावर चढणार आहे. काका आणि आत्याला अंदाजपत्रक पाठवा, कोण किती घालणार हे विचारा, आणि जे ठरेल ते लिहून तिघांच्या सह्या घ्या. नाहीतर पुढे वाटणीच्या वेळी 'छप्पर कुणी घातले' यावरून बोलणी बंद होतात. आईबाबा त्या छपराखाली राहतात म्हणून खर्च त्यांच्या मुलानेच करावा, असे गृहीत धरले जाते. ते बरोबर नाही.

जांभा
सहमत. आणि साडेचार लाखांत काय काय आहे? लाकूड की लोखंडी कैच्या? पत्र्यावर कौले बसवणार की नुसते पत्रे?

पाखाडी
लोखंडी कैच्या, वर रंगीत पत्रा आणि त्यावर जुनीच मंगलोरी कौले, फुटलेली तेवढी नवी. आईला नुसता पत्रा नको, उन्हाळ्यात खाली बसवत नाही.

बँकेत जाऊन आलो. टॉप-अप होईल म्हणाले, अंदाजपत्रक मागितलेय. सुतार छापील कागदावर देत नाही, हाताने लिहून सही केलेले चालते, असे शाखेत सांगितले. काका ५० हजार घालतो म्हणाला. आत्याला फोन केला, तिने एवढेच विचारले की माजघरातला झोपाळा काढणार का. त्यामुळे कर्ज अडीच लाखांचेच घेतोय, चार वर्षे मुदत. वारसनोंदीचा अर्ज बाबा या आठवड्यात देतील.

ओटीवरचा
झोपाळ्याच्या कड्या जुन्या तुळईला असतील तर सुताराला आत्ताच सांगा. लोखंडी कैचीला नंतर वेल्डिंग करून कडी लावली तर रंग जळतो आणि तिथूनच गंज धरतो. कैच्या जमिनीवर असतानाच कड्यांची जागा करून घ्या.

पाखाडी
हे सुतार बोलला नव्हता. आज सांगतो त्याला.

वाटसरू_७
अंदाजपत्रकात कुठले तपशील लिहून घेतले ते इथे टाकाल का? आमच्याही पडवीचे काम दिवाळीनंतर काढायचे आहे.

पाखाडी
टाकतो. लोखंडाचे वजन किलोत, पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये, नव्या कौलांची संख्या, मजुरी वेगळी, जुने लाकूड कुणाचे ते, आणि पैशांचे टप्पे. पत्र्याची जाडी लिहून घ्यायला शाखेतल्या माणसानेच सांगितले.