फेरफार, बदल की छेडछाड? : युरोपातील मोटारसायकलस्वारांच्या वादातील एक शब्द

मूळ प्रश्न

मोटारसायकलींविषयीच्या एका मराठी लेखासाठी युरोपीय संघाच्या २०१० ते २०१३ या काळातील नियमांच्या वादाचा मजकूर तयार करताना मी एका शब्दापाशी अडले आहे, आणि तो शब्द चुकला तर मराठी वाचकाला सगळा वादच चुकीचा कळेल अशी मला धास्ती वाटते. ४ ऑक्टोबर २०१० रोजी युरोपीय आयोगाने दुचाकी, तीनचाकी आणि हलक्या चारचाकी वाहनांना मान्यता देण्याविषयी आणि बाजारातील त्यांच्या देखरेखीविषयी नव्या नियमांचा प्रस्ताव मांडला. त्यात एबीएस ब्रेक सक्तीचे करणे, धुराच्या मर्यादा कडक करणे, बिघाड नोंदवणारी संगणकीय यंत्रणा गाडीत बसवणे अशा अनेक गोष्टी होत्या. त्यांच्या जोडीला ‘अँटी-टॅम्परिंग’ची तरतूदही होती, म्हणजे गाडीचा वेग आणि ताकद वाढवण्यासाठी मालकाला तिच्या यंत्रणेत हात घालता येऊ नये अशी बांधणी उत्पादकानेच करून द्यावी.

ब्रिटनमधील मोटारसायकल ॲक्शन ग्रुप ही संघटना १९७३ मध्ये हेल्मेटसक्तीला विरोध करण्यासाठी उभी राहिली होती. या प्रस्तावाविरुद्ध ती पुन्हा रस्त्यावर उतरली आणि सप्टेंबर २०११ मध्ये ब्रिटनच्या महामार्गांवर मोटारसायकलस्वारांनी निदर्शने केली. ब्रसेल्समध्ये ‘फेमा’ हा युरोपीय स्वारांच्या संघटनांचा महासंघ संसद सदस्यांपुढे बाजू मांडत होता. स्वारांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, गाडी आमची आहे, तिच्यात आम्ही करतो ते ‘बदल’ आहेत, त्या बदलांमुळे अपघात होतात याचा पुरावा आयोगाने दिलेला नाही, आणि तरीही आमच्या कृतीला ‘टॅम्परिंग’ म्हणून आम्हाला आधीच गुन्हेगाराच्या रांगेत उभे केले जात आहे.

म्हणजे तंट्याच्या मुळाशी दोन शब्द आहेत : ‘मॉडिफिकेशन’ आणि ‘टॅम्परिंग’. मराठी वृत्तपत्रे दुसऱ्या शब्दासाठी सर्रास ‘छेडछाड’ लिहितात. मतदान यंत्राशी छेडछाड, मीटरशी छेडछाड. मला तो शब्द इथे खटकतो, कारण छेड काढणे म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे वेगळेच काही उभे राहते, आणि यंत्राच्या संदर्भातील वापर हिंदी बातम्यांतून आलेला दिसतो. ‘ढवळाढवळ’ दुसऱ्याच्या कारभारात होते, ‘खाडाखोड’ कागदावर होते. मग पाना घेऊन आपल्याच गाडीपाशी बसलेल्या माणसाच्या कृतीला काय म्हणावे?

प्रतिसाद १

माझी नोकरी महसूल खात्यात गेली, त्यामुळे हा प्रश्न वाचताच ‘फेरफार’ हा शब्द आठवला. वृत्तपत्रांनी या शब्दाला बदनाम केले आहे. हिशेबात फेरफार, गुणपत्रिकेत फेरफार असे वाचून वाचून आपण त्याला लबाडीचा समानार्थी समजू लागलो आहोत. परंतु गावातल्या ज्या माणसाने बापाच्या पश्चात सातबाऱ्यावर आपले नाव लावून घेतले आहे, त्याला विचारा. गाव नमुना ६ ही फेरफार नोंदवही असते. खरेदी, वारसा, वाटणी, बोजा यांपैकी काहीही झाले की तलाठी तिच्यात नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत असते आणि नंतर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो किंवा नामंजूर करतो. या सगळ्यात ‘फेरफार’ करणारा कोणत्याही अर्थाने दोषी नसतो. स्थिती बदलली आहे आणि ती नोंदीत आली पाहिजे, एवढेच हा शब्द सांगतो.

मला वाटते की आपल्या लेखाला नेमकी हीच छटा हवी आहे. मूळ स्थितीपासून झालेला बदल, जो नोंदवला आणि तपासला गेला तर वैध, आणि लपवला तर अवैध. ‘बदल’ या शब्दात नोंदीची ही अपेक्षा नाही. आरशाचा कोन फिरवला तरी तो बदलच.

प्रतिसाद २

मी बरीच वर्षे जर्मनीत राहतो आणि मोटारसायकल चालवतो, त्यामुळे या प्रश्नाची युरोपीय बाजू थोडी जवळून पाहिली आहे. इंग्रजी ‘टॅम्परिंग’मधील आरोपाची छटा प्रत्येक भाषेत तशीच उतरलेली नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. १९९७ च्या ज्या युरोपीय निर्देशात मोपेड आणि हलक्या मोटारसायकलींसाठी अशा तरतुदी होत्या (म्हणजे २०१० चा विचार काही आकाशातून पडला नव्हता), त्याच्या सातव्या प्रकरणाच्या जर्मन शीर्षकात ‘उनबेफुग्टे आइनग्रिफे’ असे शब्द आहेत. ‘आइनग्रिफ’ म्हणजे आत हात घालणे, अक्षरशः आपला ‘हस्तक्षेप’. ‘उनबेफुग्ट’ म्हणजे अधिकार नसलेला. ‘अनधिकृत हस्तक्षेप’ असा त्याचा नेमका मराठी प्रतिशब्द आपोआप तयार होतो. मात्र स्वारांची हरकत या विशेषणावरच असते. गाडीचा मालकच अनधिकृत कसा, आणि अधिकार दिला कोणी, हाच तर त्यांचा सवाल आहे.

लोकांच्या तोंडची भाषा आणखी निराळी आहे. जर्मनीत पोरे मोपेडचा वेग वाढवतात तेव्हा ‘फ्रिझिअरेन’ म्हणतात, म्हणजे केस विंचरून सजवणे. इटलीत अशी मोपेड ‘त्रुक्कातो’ असते, म्हणजे रंगरंगोटी केलेली, आणि हाच शब्द निकाल आधी ठरवून ठेवलेल्या सामन्यालाही लावतात. आपल्या ‘फेरफार’सारखीच दोन्हीकडे झुकणारी छटा त्यात आहे. फ्रेंच शब्द मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. ‘ब्रीद’ म्हणजे घोड्याच्या तोंडावरचा लगामाचा साज. कारखान्याने ताकद रोखून धरलेली गाडी ‘ब्रिदे’, आणि तो लगाम काढणे म्हणजे ‘देब्रिदाज’. फ्रान्समध्ये मोटारसायकलींना शंभर अश्वशक्तीची मर्यादा होती आणि ती २०१६ मध्येच उठली, हे लक्षात घेतले तर त्या देशातील स्वारांच्या बोलण्यात लगाम इतका का येतो ते कळते. त्यांच्या १९८० मध्ये स्थापन झालेल्या महासंघाच्या नावातच ‘संतप्त मोटारसायकलस्वार’ असे शब्द आहेत.

जर्मन रस्तेवाहतूक नियमांची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. तेथील वाहनमान्यता नियमांच्या एकोणिसाव्या कलमात बदल करणाऱ्याला कोणतेही दूषण दिलेले नाही. बदलामुळे वाहनाचा मान्य प्रकारच पालटत असेल, इतरांना धोका संभवत असेल, किंवा धूर अथवा आवाज वाढत असेल, तर गाडीचा चालवण्याचा परवाना संपतो, इतकेच ते कलम सांगते. त्यामुळे हँडल किंवा एग्झॉस्ट बदलणारा माणूस सुट्या भागाचे मान्यतापत्र जवळ ठेवतो, आणि जिथे लागते तिथे ट्यूफसारख्या तपासणी संस्थेकडे जाऊन तो बदल गाडीच्या कागदपत्रांत चढवून घेतो. पहिल्या प्रतिसादातील तलाठी आणि मंडळ अधिकारी वाचताना मला हीच पद्धत आठवली.

प्रतिसाद ३

शब्द ठरवण्याआधी हात नेमके काय करतात ते पाहावे, असे मला सुचवावेसे वाटते. माझे गॅरेज आहे आणि गाडी खोलणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे.

युरोपातील पन्नास सीसीची मोपेड ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे जाऊ नये असा तेथील नियम आहे. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये ही मर्यादा अनेकदा एका साध्या कडीने राखलेली असते. इंजिनाच्या दांड्यावर व्हेरिएटर असतो, त्याच्या दोन शंकूसारख्या चकत्या वेग वाढेल तशा एकमेकींजवळ सरकतात आणि त्यांच्या मधला पट्टा बाहेरच्या कडेकडे चढतो. दांड्यावर ती धातूची कडी बसवली की चकत्या पूर्ण जवळ येऊ शकत नाहीत, पट्टा अर्ध्यावर थांबतो आणि गाडीचा वेग तेथेच अडतो. आता लक्षात घ्या की त्याच व्हेरिएटरमधील झिजलेले रोलर बदलायचे असतील तरी तेच झाकण उघडावे लागते, तोच नट सोडवावा लागतो आणि त्याच चकत्या हातात घ्याव्या लागतात. रोलर बदलून कडी परत बसवली तर ती दुरुस्ती झाली, कडी बाकावरच राहिली तर तो कायद्याच्या दृष्टीने अपराध झाला.

दुसरे उदाहरण मोठ्या गाडीचे. १९ जानेवारी २०१३ पासून युरोपात ‘ए-२’ या मधल्या परवान्यासाठी ३५ किलोवॉटची मर्यादा लागू झाली. अनेक मोठ्या मोटारसायकली थ्रॉटल पूर्ण उघडू न देणारा अडसर लावून किंवा इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून या मर्यादेत आणून विकतात. पुढे स्वाराला पूर्ण परवाना मिळाला की तोच अडसर रीतसर काढून देतात. काम एकच, हत्यार एकच, कधीकधी कारागीरही एकच. परवाना मिळण्याच्या आदल्या दिवशी जे ‘टॅम्परिंग’ होते ते दुसऱ्या दिवशी सेवा ठरते. म्हणून मला ‘छेडछाड’ हा शब्द या जागी अजिबात मान्य नाही, कारण त्यात कृतीच वाईट ठरते. इथे कृती वाईट नसून कागद आणि गाडी यांचा मेळ बसतो की नाही, हा प्रश्न आहे.

स्वारांची भीती मला समजते. प्रस्तावाच्या भाषेतून कारखान्याने गाडी सीलबंद करावी असा अर्थ निघू लागला तेव्हा, आपण घरी चेन-स्प्रॉकेटही बदलू शकणार नाही आणि प्रत्येक कामासाठी कंपनीच्याच दारात उभे राहावे लागेल, असे त्यांना वाटले. हे भय निराधार नव्हते. मात्र अंतिम नियमांत स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना दुरुस्तीची माहिती उपलब्ध करून देण्याचे बंधन उत्पादकांवर घातले गेले, ही माझ्या मते त्या सगळ्या वादातील सर्वांत मोलाची तरतूद आहे.

या नियमांशी आपला संबंध दूरचा नाही, हेही नोंदवतो. केटीएमची १२५ ड्यूक २०११ पासून चाकणच्या बजाज कारखान्यात तयार होऊन युरोपात जाऊ लागली. तिची ११ किलोवॉटची ताकद अभियंत्यांच्या मर्जीने ठरलेली नाही. सोळा वर्षांच्या मुलाला मिळू शकणाऱ्या ‘ए-१’ परवान्याची तीच कमाल मर्यादा आहे.

प्रतिसाद ४

एका धोक्याकडे लक्ष वेधतो. आपल्या लेखात ‘मॉडिफिकेशन’ हा शब्द देवनागरीत तसाच ठेवला तरी तो तटस्थ राहणार नाही. मराठी बातम्यांत ‘मॉडिफाइड सायलेन्सर’ म्हणजे बुलेटचा कर्णकर्कश, फटाके फोडणारा सायलेन्सर, आणि त्यासोबत जप्त सायलेन्सरांवर रोड रोलर फिरवणाऱ्या वाहतूक पोलिसांचे छायाचित्र, असे समीकरण पक्के झाले आहे. आपल्याकडे कायदाही कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका उचलून धरली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. या पार्श्वभूमीवर मराठी वाचक ‘युरोपातील मॉडिफिकेशनचा वाद’ असे वाचेल तेव्हा तेथील स्वार आवाज करण्याचा हक्क मागत होते, असा त्याचा समज होईल. त्यांच्या मागणीवर हा मोठा अन्याय ठरेल.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेमुळे माझा मसुदा बराच बदलला आहे. मी पुढीलप्रमाणे लिहायचे ठरवले आहे.

लेखकाच्या, म्हणजे माझ्या निवेदनात ‘फेरफार’ हाच शब्द राहील, आणि पहिल्यांदा येईल तेथे सातबाऱ्यावरील फेरफाराचा उल्लेख करून तो तटस्थ अर्थाने वापरला आहे हे मी स्पष्ट करीन. आयोगाची भूमिका सांगताना ‘अनधिकृत फेरफार’ असे लिहीन. ‘हस्तक्षेप’ हा शब्द जर्मन मजकुराला अधिक जवळचा आहे, हे मान्य, परंतु मराठीत आपण हस्तक्षेप दुसऱ्याच्या कामात करतो, आपल्याच वस्तूत करत नाही, आणि स्वारांचा सगळा युक्तिवाद ‘आपली वस्तू’ या दोन शब्दांवर उभा आहे. स्वारांचे म्हणणे मांडताना मात्र ‘बदल’च लिहीन, कारण त्यांना त्या कृतीत नोंदीची अपेक्षाच मान्य नव्हती. एकाच कृतीसाठी तीन शब्द वापरल्याने वाचक गोंधळेल, असा आक्षेप येऊ शकतो. तरीही मला हा धोका पत्करावासा वाटतो, कारण कोण कोणता शब्द वापरतो हे दिसले नाही तर २०११ मध्ये इतकी माणसे रस्त्यावर का आली, हे कळणार नाही.

अंतिम नियमांचे वाक्य मी असे केले आहे : ‘२० नोव्हेंबर २०१२ रोजी युरोपीय संसदेने मंजूर केलेल्या आणि जानेवारी २०१३ मध्ये स्वीकारलेल्या १६८/२०१३ क्रमांकाच्या नियमावलीच्या विसाव्या कलमानुसार, सुरक्षिततेला बाध येईल किंवा पर्यावरणाची हानी होईल असे अनधिकृत फेरफार रोखण्याची योजना उत्पादकाने वाहनात करावयाची आहे, मात्र फेरफार केलेले वाहन आपल्या मूळ किंवा नव्या प्रवर्गाच्या तांत्रिक अटी पूर्ण करत असेल, तर त्याला नियमांत जागा आहे.’ ही नियमावली १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली.

आता एकच शब्द उरला आहे. विसावे कलम ‘पॉवरट्रेन’पुरते आहे. ‘शक्तिसंक्रमण यंत्रणा’ असा पारिभाषिक शब्द मी घातला होता, पण त्याने इंजिन वगळले जाऊन केवळ गिअर आणि चेन एवढाच अर्थ पोहोचतो, असे वाटते. तिसऱ्या प्रतिसादकांना विचारते की, गॅरेजमध्ये या सगळ्या जोडणीला मिळून एखादा शब्द वापरला जातो का? तसा शब्द नसेल तर ‘इंजिनापासून चाकाला ताकद पोहोचवणारी सगळी यंत्रणा’ असे पूर्ण लिहून मी मोकळी होईन.

प्रतिसाद ५ (गॅरेजमधून)

एकत्रित शब्द आमच्याकडे नाही. आम्ही इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, चेनसेट अशी सुटी नावेच घेतो, कारण ग्राहकाला बिल तसेच द्यावे लागते. आपण पूर्ण लिहिलेले वाक्य योग्य आहे. फक्त त्यात इंजिनाच्या संगणकाचा उल्लेख आवर्जून करावा, कारण हल्ली गाडीतील निम्मे फेरफार पान्याने न होता तेथेच होतात.