जादा गुणसूत्रे टिकली, म्हणून ती पिकाच्या उपयोगाची ठरतात का?

कणीस: ‘निसर्ग निरुपयोगी काही सांभाळत नाही, म्हणजे मक्यातील बी-गुणसूत्रे पिकाला बळच देत असणार,’ असे येथे कालच्या लेखात छातीठोकपणे लिहिले गेले, ते वाचून गप्प बसवत नाही. मक्याची नेहमीची गुणसूत्रे २०. बी-गुणसूत्रे (‘बी’ हे इंग्रजी अक्षर, बियाण्यातले बी नव्हे) त्यांवर जादा, आणि ती नसली तरी झाडाचे काही अडत नाही. परागकणातील दुसऱ्या विभाजनात बी-गुणसूत्राच्या दोन्ही प्रती बहुधा विलग न होता एकाच शुक्रपेशीत जातात. आनुवंशिकीतज्ज्ञ हर्शेल रोमन यांनी १९४७ मध्येच हे दाखवून दिले. पुढे तीच शुक्रपेशी अंडपेशीशी अधिक वेळा मीलन पावते, त्यामुळे झाडाचे काडीचेही भले न करता ही गुणसूत्रे पुढच्या पिढीत पोहोचतात.

मूळ लेखक: तसे असते तर प्रत्येक मका त्यांनी भरून गेला असता. शिवाय याच गुणसूत्रांचे तुकडे नेहमीच्या गुणसूत्रांना जोडून संशोधकांनी मक्यातील जनुकांच्या जागा शोधल्या, हे आपण सोयीस्करपणे वगळता.

कणीस: संशोधकाचा उपयोग म्हणजे झाडाचा उपयोग नव्हे. संख्या फार वाढली की प्रजननक्षमता घटते आणि जोडीदार नसलेले बी-गुणसूत्र अर्धसूत्री विभाजनात (प्रजननपेशी बनताना गुणसूत्रे निम्मी होतात त्यात) अनेकदा गळते. म्हणूनच वाढीला लगाम बसतो.

बागायतदार: जादा गुणसूत्रांचा फटका मी सोसला आहे. बिनबियांच्या कलिंगडाचे महागडे बियाणे लावले, वेल फुलांनी लगडले. पण फळे धरेनात. विक्रेत्याने चकार शब्द काढला नव्हता.

कणीस: येथे बी-गुणसूत्रांची चर्चा चालू आहे. बिनबियांच्या कलिंगडात २२ ऐवजी ३३ म्हणजे गुणसूत्रांचा एक अख्खा संच वाढलेला असतो. दोन्हींची खिचडी करू नका.

बागायतदार: आपल्याला खिचडी वाटते, माझा हंगाम बुडाला! संचाचे गणित पाकिटावर का नसते?

पैदासकार: बागायतदारांची तक्रार रास्त आहे. तीन संच समान वाटले जात नाहीत, म्हणून बी भरत नाही आणि परागही कुचकामी ठरतो. फळ धरण्यासाठी मात्र साध्या कलिंगडाचा पराग आणि मधमाश्या लागतातच. साधारण तीन बिनबियांच्या झाडांमागे एक साधे झाड लावावे आणि त्याच्या फळाची साल निराळी दिसणारी असावी, म्हणजे तोडणीत सरमिसळ होत नाही.

मूळ लेखक: ‘बळ देतात’ हे माझे विधान पुराव्याविना होते, एवढे मान्य करतो, बी-गुणसूत्रांचा उपयोग शून्य आहे, हे मात्र अजूनही मान्य नाही.

बागायतदार: तीन झाडांमागे एक, एवढी एक ओळ छापायला कोणती अडचण होती, ते कोणीतरी सांगा.