शब्दचर्चा : सरस्वती ‘गुप्त’ की ‘लुप्त’?

कोल्हापूरच्या पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्या सांगतात. प्रयागलाही ती गुप्तच. राजस्थान-हरियाणातल्या कोरड्या पात्राविषयी मात्र ‘लुप्त सरस्वती’ असं छापून येतं. दोन्हींचा अर्थ एकच का?

– नाही, आणि हा फरक जपायलाच हवा. ‘गुप्’ म्हणजे राखणे. गुप्तधन जागेवरच असतं, दिसत नाही इतकंच. ‘लुप्त’ म्हणजे ज्याचा लोप झाला ते. व्याकरणात लोप झालेला वर्ण कुठे दडून बसत नाही, तो जातोच. संगमावरची नदी भाविकांच्या लेखी आजही वाहते, म्हणून तिथे ‘गुप्त’च योग्य.

– यात ‘विनशन’ही धरा. सरस्वती वाळूत नाहीशी होते त्या जागेचं हे नाव पंचविंश ब्राह्मणात आणि महाभारतात येतं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात हीच नदी डोंगरांपासून समुद्रापर्यंत जाते. नदी आटत गेल्याची आठवणच या नावात राहिली आहे, असं मला वाटतं.

– मग भूविज्ञानाच्या लेखात सरसकट ‘लुप्त’ चालेल?

– सरसकट नको. ते कोरडं पात्र घग्गरचं. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत उगम पावणारी ही नदी पुढे पाकिस्तानातल्या चोलिस्तानच्या वाळवंटात हाक्रा होते. तिचं जुनं खोरं इतकं रुंद आहे की आजच्या पावसाळी घग्गरचं ते काम वाटत नाही. राजस्थानातल्या कालीबंगन या हडप्पाकालीन स्थळाच्या परिसरात जमिनीत खोल छिद्रं घेतली, तेव्हा वरच्या तपकिरी मातीखाली करडी, अभ्रकाने चमकणारी वाळू लागली. हिमालयातून येणाऱ्या मोठ्या नद्या आणतात तशी. तिच्यातल्या झिरकॉन या खनिजाच्या आणि अभ्रकाच्या कणांचं वय सतलजच्या वाळूशी जुळलं. कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं हेही मोजता येतं. त्यावरून सतलज सुमारे ८००० वर्षांपूर्वीच इथून निघून गेली होती, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. म्हणजे हडप्पा संस्कृतीची शहरं वसण्याच्या कितीतरी आधी! ती शहरं वाहत्या मोठ्या नदीच्या काठी नव्हे, तिने मागे टाकलेल्या खोऱ्यात उभी राहिली. २०१९ च्या एका अभ्यासानुसार मात्र इथला प्रवाह सुमारे ४५०० वर्षांपूर्वीपर्यंत बारमाही होता, त्यामुळे वाद मिटलेला नाही. हीच नदी वेदांतली सरस्वती का, हा प्रश्न आणखी वेगळा. वाळूच्या कणांवर नाव लिहिलेलं नसतं.

– मग ‘सतलजने पात्र सोडलं’ असं लिहू का?

– ते टाळा. दर पावसाळ्यात ‘कृष्णेने पात्र सोडलं’ अशी बातमी येते आणि सांगली-कोल्हापूरचा वाचक त्याचा अर्थ पूर आला असाच घेतो. सतलजने ‘पात्र बदललं’ आणि मागे राहिलेली पावसावरची घग्गर पाऊस घटला तशी ‘आटत गेली’, असं लिहा. ‘लुप्त’ हा शब्द मथळ्यात चालेल.