घोड्यांत नोकरी, की नोकरी करून घोडा?

मुठाकाठचा: भाची यंदा बारावीला आहे. घर वानवडीत, रेसकोर्सजवळ. सुट्टीचा दिवस रायडिंग स्कूलमध्ये जातो आणि आता म्हणते, "मामा, मी घोड्यांतच काम करणार, आणि एक दिवस स्वतःचा घोडा घेणार." माझं मत असं की या दोन इच्छा एका पगारात बसत नाहीत. 450 किलोच्या घोड्याला रोज 8-10 किलो चारा लागतो, वर खुराक. दर 5-6 आठवड्यांनी नालबंदी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला तबेल्यातली जागा भाड्याने घ्यावी लागते, मोतद्दाराचा, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याचा, पगार द्यावा लागतो. आणि हे 25-30 वर्षं चालू शकतं. शिकवणाऱ्याच्या किंवा राइडरच्या कमाईत ते कसं भागणार? आधी चांगल्या पगाराची नोकरी, मग घोडा.

पहाटपाळी: अजिबात पटलं नाही. मी शर्यतीच्या घोड्यांच्या ट्रेनरकडे राइडर आहे. पुण्याचा शर्यतींचा हंगाम जुलैत सुरू होतो, नंतर घोड्यांबरोबर आमचाही मुक्काम मुंबईला, महालक्ष्मी रेसकोर्सवर. पगार बेताचा, पडलो तर हाड मोडतं, हे सगळं खरं. पण घोडा पाय किंचित उचलून टाकतोय, खुराक अर्धा ठेवलाय, हे रोज हात लावणाऱ्यालाच कळतं. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून त्याचं पोट दुखू लागलं की तास मोजावे लागतात. तुमची भाची त्या वेळी हिंजवडीच्या नोकरीवरून निघून वाकडच्या गर्दीत अडकलेली असेल. पैसे भरले म्हणजे घोडा सांभाळला असं होत नाही.

मुठाकाठचा: पण तुमच्याकडे स्वतःचा घोडा आहे का?

पहाटपाळी: नाही. आणि त्याची खंतही नाही. सकाळी जे घोडे माझ्या हाताखालून जातात ते कागदावर दुसऱ्याचे आहेत, एवढंच.

लसूणघास: मला मुठाकाठचा यांचं पटतं. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत 2023 साली ड्रेसाजच्या (घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेण्याचा प्रकार) संघाने 41 वर्षांनी भारताला घोडेस्वारीतलं सुवर्ण मिळवून दिलं, तेव्हापासून आमच्या ओळखीतली मुलं हेच स्वप्न बघतात. पण ते चौघे युरोपात राहून तयार झाले. तो खर्च तबेल्यातल्या पगारातून निघत नाही, हे मुलांना कुणीतरी सांगायला हवं. शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा स्वस्तात मिळतो म्हणून घेणारेही पाहिलेत. घोडा स्वस्त असला तरी त्याचा चारा स्वस्त होत नाही. वर्षभरात तो कुठे जातो हे विचारवत नाही.

गोठा_ते_पागा: तुम्ही सगळे पशुवैद्यकीचं नावच घेत नाही! नीटची परीक्षा द्यायची, मग बीव्हीएससी, म्हणजे पशुवैद्यकीची पदवी, साडेपाच वर्षांची. मुंबईत परळला कॉलेज आहे. पुढे स्टड फार्म (घोड्यांची पैदास करणारे), शर्यती भरवणारा टर्फ क्लब, किंवा लष्करातली जनावरं सांभाळणारी रिमाउंट व्हेटरनरी कोअर. घोड्यांतलं काम आणि बरा पगार, दोन्ही.

पहाटपाळी: पण त्या साडेपाच वर्षांत गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या, कुत्री सगळं शिकायचंय. तिला जनावरं आवडतात की फक्त घोडे, हे आधी विचारा.

मुठाकाठचा: विचारलं. म्हणाली, "फक्त घोडे." मग मी तरी काय सांगणार? पदवी घेच, हा माझा हट्ट कायम आहे. पण या जुलैत पहाटेच्या सरावाला तिला नेतो. नुसतं कठड्यावरून बघायला नाही. पहाटपाळी, तुमच्या ट्रेनरना लीद काढायला माणूस चालेल का?

पहाटपाळी: आधी विचारतो. आत यायला परवानगी लागते. आणि तिला सांगा, पहिला महिना खोगिराला हात नाही.